सतरा डिस्कमधून सहा : गिरणारे रस्त्यावरच्या एका बॅगेचं प्रकरण

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी भाचीने गाडीच्या डिकीतून बॅग काढली आणि खांद्याला लावताना तिचा तोल गेला. आत डिस्क गोल्फच्या, म्हणजे हाताने फेकायच्या चपट्या गोल, सतरा डिस्क, पाण्याची मोठी बाटली, टॉवेल आणि डबा. सतरा डिस्क म्हणजे नुसतं प्लास्टिकच तीन किलोच्या घरात जातं. तिचा चुलतभाऊ अमेरिकेत नोकरीला आहे. दिवाळीत घरी येताना त्याने स्वतःचे कपडे कमी करून या डिस्क भरून आणल्या होत्या, त्यामुळे त्यातली एकही घरी ठेवणं तिच्या जिवावर येत होतं. "मामा, कुठली कधी लागेल सांगता येत नाही ना," ती म्हणाली.

त्या दिवशी नऊ होलना, म्हणजे मैदानाच्या नऊ टप्प्यांना मिळून, तिला ४१ थ्रो लागले. त्याच्या आदल्या रविवारीही साधारण तेवढेच लागले होते, आणि दिवाळीच्या आधी, उसन्या आणलेल्या तीन डिस्कवर खेळत होती तेव्हाही तेवढेच. बॅग सहापट जड झाली होती आणि खेळ जागच्या जागी होता. प्रत्येक टीवर, म्हणजे होलची पहिली फेक करायच्या जागी, ती डिस्क निवडायला वेळ घेई, एक काढी, परत ठेवी, दुसरी काढी, आणि फेकल्यावर "ती दुसरीच घ्यायला हवी होती" म्हणून मागे वळून बॅगेकडे बघे. मी नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्शनला आहे, वीस वर्षं झाली. एकाच कामाला दहा गेज काढून ठेवले की माप चुकतं, हे मी रोज बघतो. तिच्या बॅगेचं काय झालंय ते मला दिसत होतं. ते सोडवायचं कसं, हे मात्र मला तेव्हा नीट माहीत नव्हतं, आणि पहिल्या खेपेला मी ते चुकीचंच सोडवलं.

डिस्क गोल्फ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : टीवरून डिस्क फेकायची, पडेल तिथून पुढची फेकायची, आणि शेवटी साखळ्या लावलेल्या लोखंडी बास्केटमध्ये टाकायची. जितके कमी थ्रो तितकं चांगलं. सुरुवातीला लोक झाडांवर आणि खांबांवर नेम धरूनच खेळत. अमेरिकेत एड हेड्रिक यांनी कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये १९७५ साली पहिलं कायमस्वरूपी मैदान उभं केलं, साखळ्यांचं बास्केट काढलं आणि १९७६ साली पीडीजीए ही खेळाडूंची संघटना सुरू केली. आमच्याकडे अजून निम्मा इतिहासच चालू आहे. नऊपैकी पाच होलना सातपूरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतलेली बास्केट आहेत, उरलेल्या चार ठिकाणी चुन्याचा पट्टा मारलेली झाडं. नाशकात कुणाला "गोल्फ खेळतो" म्हटलं की समोरचा हटकून गोल्फ क्लब मैदानाचं नाव काढतो. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला जुने लोक अजून त्याच नावाने ओळखतात, आणि तिथे चालतं ते क्रिकेट. आम्ही खेळतो ते गंगापूर रोडने पुढे, दुगाव ओलांडून गिरणारेच्या अलीकडे, एका मित्राच्या पडीक जमिनीवर. जमीन पश्चिमेला चढती आहे. मधून नाला जातो, एका अंगाला बाभळी आणि घाणेरी, दुसऱ्या अंगाला जुनी आंब्याची झाडं. वाडीवर राहणाऱ्या आजी आमच्या डिस्कना ताटल्या म्हणतात.

आता डिस्कवरच्या आकड्यांबद्दल, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो.

बहुतेक डिस्कवर चार आकडे छापलेले असतात : स्पीड, ग्लाइड, टर्न, फेड. ही पद्धत इनोव्हा कंपनीने रुळवली आणि बाकीच्यांनी कमीअधिक तशीच उचलली. स्पीड म्हणजे ती डिस्क नीट उडायला किती वेग लागतो, ग्लाइड म्हणजे किती तरंगते, टर्न म्हणजे सुरुवातीच्या वेगात किती कलते आणि फेड म्हणजे वेग उतरल्यावर शेवटी किती वळते. उजव्या हाताने बॅकहँड फेकलेली डिस्क वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. फिरणाऱ्या वस्तूला एका बाजूने ढकललं की ती त्या बाजूला कलत नाही, काटकोनातल्या बाजूला कलते. भोवऱ्याला बोटाने टोचून बघितलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे. डिस्क वेगात असताना हवेची उचल तिच्या मध्याच्या जरा मागे पडते, नाक खाली दाबलं जातं आणि ती उजवीकडे कलते. वेग उतरत गेला की ती नाक किंचित वर धरून तरंगते, उचलीची जागा पुढे सरकते आणि डिस्क डावीकडे वळते. पहिलं म्हणजे टर्न, दुसरं म्हणजे फेड.

यातली महत्त्वाची गोष्ट आकड्यांच्या शेजारी छापलेली नसते. टर्नचा आकडा खरा ठरतो तो डिस्कला तिचा वेग मिळाला तरच. तिच्या बॅगेतल्या डिस्ट्रॉयर नावाच्या डिस्कवर १२, ५, उणे १, ३ असे आकडे आहेत. ज्याचा हात ती शंभर मीटरच्या पुढे नेतो त्याला ती आधी थोडी उजवीकडे, मग डावीकडे अशी लांबलचक इंग्रजी एस काढून देते. जगातले मोठमोठे खेळाडू ती फेकतात ते उगाच नाही. पण भाचीचा बॅकहँड पन्नास मीटरच्या आसपास पडतो. तिच्या हातून सुटल्यापासूनच डिस्ट्रॉयर वेग उतरलेल्या अवस्थेत असते, म्हणजे पहिल्या क्षणापासून नुसता फेड. तिच्यासाठी त्या डिस्कवर चार आकडे नाहीतच, एकच आहे.

पहिला प्रयत्न

मी एका संध्याकाळी वही घेऊन बसलो आणि सतराच्या सतरा डिस्कचे आकडे उतरवून काढले. अकरा ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकायच्या डिस्क, होते : दोन डिस्ट्रॉयर, दोन रेथ, एक बॉस, फायरबर्ड, व्हाल्कायरी, साइडवाइंडर, टीबर्ड आणि दोन लेपर्ड. मिडरेंज, म्हणजे मधल्या अंतराच्या, तीन : बझ, शार्क, रॉक. उरलेल्या तीन म्हणजे दोन एव्हिआर पटर, बास्केटजवळून टाकायच्या, आणि एक झोन. स्पीडच्या पायऱ्या सारख्या पडाव्यात असा विचार करून मी पाच निवडल्या : एव्हिआर २, बझ ५, टीबर्ड ७, फायरबर्ड ९, रेथ ११. कागदावर शिडीसारखी सरळ बॅग. प्रत्येक पायरीला एक डिस्क, मध्ये फट नाही, एकावर एक नाही. मला ती फार आवडली.

पुढच्या रविवारी तिला ४३ थ्रो लागले.

चौथ्या होलला दोन आंब्यांच्या मधून निघून उजवीकडे वळावं लागतं. त्या पाच डिस्कमध्ये तिच्या हातून उजवीकडे जाणारी एकही नव्हती. टीबर्ड, फायरबर्ड, रेथ तिन्ही एकाच झुडपात, डावीकडे, एकमेकींपासून चार पावलांवर पडल्या. मी त्या झुडपापाशी उभा राहून तीन वेगवेगळ्या रंगांच्या डिस्क उचलल्या आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी डिस्क निवडल्याच नव्हत्या, छापलेले आकडे निवडले होते. कारखान्यात ड्रॉइंगवरचं माप आणि जॉबवरचं, म्हणजे बनलेल्या भागाचं, माप यांत फरक करायला मीच पोरांना शिकवतो. इथे जॉब माझ्यासमोर होता, तो न मोजताच मी सही करून टाकली होती.

भाची काही बोलली नाही. परतीच्या वाटेवर इतकंच म्हणाली, "मामा, मला वाटलं माझाच हात बिघडला."

हे ऐकून मला फार वाईट वाटलं. चुकीची बॅग नव्या खेळाडूला हेच करते. डिस्क अपेक्षेप्रमाणे उडत नाही आणि तो दोष स्वतःला लावत बसतो, मग हात बदलतो, पाय बदलतो, आणि जे चांगलं चाललेलं होतं तेही मोडून बसतो.

फक्की आणि मोजपट्टी

मार्चमध्ये दोन सकाळी आम्ही खेळलोच नाही. कबड्डीच्या मैदानाला मारतात ती फक्की आणली, वाडीसमोरच्या सपाट तुकड्यावर एक सरळ रेघ मारली, दर दहा मीटरला आडवी खूण केली आणि पन्नास मीटरची कापडी मोजपट्टी अंथरली. सकाळी साडेसहाला आलो, कारण नऊनंतर वारा उठतो आणि मग कुणाचं काय ते कळत नाही. प्रत्येक डिस्क पाच वेळा फेकायची, सरळ रेघेवर धरून, जोर न लावता, ती रोज फेकते तशीच. दुसऱ्या सकाळी क्रम उलटा केला, म्हणजे दमलेल्या हाताचा दोष त्याच त्याच डिस्कच्या माथी जायला नको. मी तीन गोष्टी लिहीत होतो : किती लांब पडली, रेघेच्या कुठल्या बाजूला पडली, आणि पाचही फेकी मिळून किती जागा व्यापली. माझ्या लेखी तिसरी गोष्ट सगळ्यांत मोठी. कारखान्यात तिला आम्ही रिपीटेबिलिटी म्हणतो.

एव्हिआर चाळीसच्या आसपास पडत होती, बझ सत्तेचाळीस, लेपर्ड बावन्न, टीबर्ड एक्कावन्न, रेथ बावन्न, डिस्ट्रॉयर पन्नास आणि सगळ्यांत जास्त स्पीडची बॉस एकोणपन्नास. लेपर्डचा स्पीड ६, बॉसचा १३; वहीत मात्र लेपर्डच पुढे. स्पीड नऊ आणि त्याच्या वरच्या आठ डिस्क होत्या. त्यांतली साइडवाइंडर आणि काही अंशी व्हाल्कायरी सोडली, तर बाकी साऱ्या तिच्यासाठी एकच डिस्क होत्या, वेगवेगळ्या नावांची.

साइडवाइंडरची गोष्ट जरा वेगळी. तिचा टर्न उणे ३, म्हणजे उजवीकडे कलायला ती तयारच असते, आणि त्यामुळे कमी वेगाच्या हातातूनही ती लवकर डावीकडे कोसळत नाही. ती सगळ्यांत लांब गेली, छप्पन मीटर. भाचीचे डोळे चमकले. पण तिच्या पाच फेकींनी पंधरा मीटर रुंद जागा व्यापली होती. एक सरळ गेली, दोन उजवीकडे, एक बाभळीत, एक डावीकडे. लेपर्डच्या पाचही सहा मीटरच्या आत होत्या. यावर आमचा बराच वाद झाला. तिचं म्हणणं, चार मीटर जास्त म्हणजे चार मीटर जास्त. मी तिला घेऊन तिच्या साइडवाइंडरच्या सगळ्यांत वाईट फेकीपाशी गेलो आणि म्हणालो, इथून पुढचा थ्रो फेकून दाखव. समोर घाणेरीची भिंत होती. ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली, मग डिस्क उचलून पिशवीत टाकली. फक्त लांबी बघून बॅग भरणाऱ्यांना मी आता हेच सांगतो की सरासरी फेक नका बघू, सगळ्यांत वाईट फेक कुठे पडते ते बघा, कारण पुढचा थ्रो तिथूनच करायचा असतो.

कडेची रुंदीही मी व्हर्नियरने मोजली. डिस्ट्रॉयरची कड २.२ सेंटिमीटर भरली, पटरची त्याच्या निम्म्याच्या आसपास. पीडीजीएच्या नियमाने कड २.६ सेंटिमीटरपर्यंत चालते. भाचीची बोटं लहान आहेत. रुंद कडेच्या ड्रायव्हरवर तिची बोटं आतल्या बाजूला नीट टेकतच नव्हती, त्यामुळे डिस्क सुटताना थरथरत होती, आणि थरथरणारी डिस्क उरलासुरला वेगही खाते. हे आम्हाला आकड्यांत कधीच दिसलं नसतं. वजनाचंही थोडं आहे. व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅम ही नियमाची वरची मर्यादा, म्हणून २१.१ सेंटिमीटर व्यासाची डिस्क १७५ ग्रॅमच्या जरासं वर थांबते, आणि दुकानातल्या बऱ्याच डिस्क त्याच काठावर असतात. भाचीला १६५ ते १७० मधल्या सोप्या जातात असं त्या दोन सकाळींत दिसलं. त्याहून हलकी आम्ही मुद्दाम घेतली नाही, कारण आमच्याकडे जून येतो, आणि त्याच्याबरोबर पश्चिमेचा वारा.

मग मी वहीतली मागची पानं काढली. चार रविवार तिचा प्रत्येक थ्रो लिहून ठेवला होता. ४१ थ्रोंच्या त्या फेरीत टीवरून फेकलेले नऊ, मधले चौदा, आणि दहा मीटरच्या आतले अठरा. म्हणजे ड्रायव्हरची पाळी नऊ वेळा आली, आणि बॅगेत ड्रायव्हर अकरा. अठरा वेळा जी डिस्क हातात आली ती पटर, आणि त्या दोन एव्हिआर ती आलटूनपालटून वापरत होती. एक नवी कडक, दुसरी जुनी, कडेने मऊ झालेली. वहीचं ते पान मी तिच्याकडे सरकवलं. तिने स्वतःच बोटाने मोजलं. मला काही सांगावं लागलं नाही.

जागा कुणाची

दुसरी निवड आम्ही मैदानावरच केली, वही मिटून. प्रत्येक होलच्या टीवर उभं राहून तिला विचारलं : इथे डिस्क कशी जायला हवी? आकडा नको, नाव नको, हाताने हवेत रेघ काढून दाखव. नऊ होल फिरल्यावर फक्त चार रेघा निघाल्या. सरळ जाऊन जिथल्या तिथे बसणारी. थोडी लांब, सरळ, शेवटी जराशी डावीकडे. उजवीकडे कलून तिकडेच जाणारी. आणि वाऱ्याची पर्वा न करता ठामपणे वळून पडणारी. पटिंग वेगळं.

सरळ बसणाऱ्या रेघेला बझ मिळाली. शार्क आणि रॉक तिच्या हातून वाईट जात नव्हत्या, पण बझ हातात धरल्यावर तिचा चेहरा मोकळा होतो, आणि तीन सारख्या डिस्कमधून एक निवडताना मी या गोष्टीला पूर्ण किंमत देतो. लांब आणि उजवीकडच्या दोन्ही रेघा लेपर्डने घेतल्या. हे कसं, ते सांगायला हवं, कारण कमी डिस्कमध्ये खेळायचं असेल तर सगळ्यांत कामाची युक्ती हीच आहे.

दोन्ही लेपर्ड इनोव्हाच्या डीएक्स या साध्या, स्वस्त प्लास्टिकच्या होत्या. एक जवळजवळ नवी. दुसरी चुलतभावाने दोन वर्षं तिकडे खेळून झिजवलेली, कडेवर ओरखडे, खालची बाजू खडबडीत. साधं प्लास्टिक दगडावर, खोडावर आपटून आपटून झिजतं आणि तशी डिस्क हळूहळू जास्त उजवीकडे कलायला लागते. महागड्या प्लास्टिकमध्ये हे फार सावकाश होतं. म्हणजे एकाच साच्याच्या दोन डिस्क, हातात धरायला अगदी एकसारख्या, सोडायला एकसारख्या, पण एक सरळ जाऊन डावीकडे टेकते आणि दुसरी उजवीकडे वळते. चौथ्या होलला जुनी लेपर्ड दोन आंब्यांच्या मधून निघून अशी काही अलगद उजवीकडे झुकली की आम्ही दोघंही बोलायचं विसरलो. नवी डिस्क शिकायला नवा हात लागतो. इथे हात तोच राहतो, म्हणून दोन साच्यांऐवजी एकाच साच्याच्या दोन वयांच्या डिस्क ठेवणं मला इतकं पटतं.

चौथ्या रेघेसाठी फायरबर्ड आणि झोन यांच्यात बघायचं होतं. फायरबर्डचा फेड मोठा आहे, पण तिचा स्पीड ९, आणि तो वेग भाचीकडे नाही. तिच्या हातून ती पस्तीस मीटरवर डावीकडे मान टाकते. झोन पटरच्या जवळची, स्पीड ४, फेड ३. तेवढा वेग तिच्याकडे भरपूर आहे. शिवाय ती बॅडमिंटन खेळते आणि मनगट तयार आहे, त्यामुळे झोनचा फोरहँड तिला पहिल्याच दिवशी जमला. फोरहँडमध्ये डिस्क उलटी फिरते, म्हणून शेवटी उजवीकडे वळते. एका डिस्कने दोन्ही बाजूंची वळणं मिळाली.

दोन एव्हिआर, एक बझ, दोन लेपर्ड, एक झोन. सहा डिस्क, चार साचे. साध्या गोल्फमध्ये चौदाच्या वर काठ्या नेता येत नाहीत; आमच्या खेळात असा नियमच नाही, कितीही न्या. त्यामुळे हा आकडा स्वतःच ठरवावा लागतो.

डिस्ट्रॉयर काढताना ती अडली. "दादाने स्वतःच्या बॅगेतली दिलीय ती. त्याची आवडती आहे." मी ती परत बॅगेत ठेवायला सांगितली नाही, पण काढ असंही म्हणालो नाही. एवढंच म्हणालो की महिन्याच्या पहिल्या रविवारी खेळ सुरू व्हायच्या आधी ती पाच वेळा फेकायची आणि मी मोजून वहीत लिहायची. खेळात मात्र आणायची नाही. हे तिला पटलं.

जून

एप्रिल-मेमध्ये ३८, ३७, एकदा ३९, असं चाललं. तीन-चार थ्रो कमी झाले याचं सगळं श्रेय मी बॅगेला देणार नाही. ती आठवड्यातून दोनदा गच्चीवर पटिंग करत होती. पण टीवरचा तिचा गोंधळ पूर्ण थांबला होता. डिस्क हातात आधी यायची, विचार फक्त कुठे फेकायची याचाच. एकच काळजी उन्हाची होती : दुपारच्या वेळी बॅग बंद गाडीत ठेवली की मऊ प्लास्टिकच्या डिस्क वाकतात. आमची एक एव्हिआर मेमध्ये काचेलगत राहून थोडी बशीसारखी झाली. सपाट फरशीवर पुस्तकांच्या वजनाखाली दोन दिवस ठेवल्यावर बऱ्यापैकी सरळ आली.

जूनमध्ये पश्चिमेचा वारा सुरू झाला. सहावा होल बांधाच्या कडेने चढावर, थेट पश्चिमेला तोंड करून आहे. समोरून वारा असला की डिस्कला हवेचा वेग जास्त मिळतो, म्हणजे ती जणू जोरात फेकल्यासारखी वागते आणि टर्न वाढतो. पाठीमागून वारा असला की उलटं, ती लवकर खाली बसते. सहाव्या होलला जुन्या लेपर्डने हातातून सुटताच उजवीकडे कूस बदलली, जमिनीवर कडेने उभी राहिली आणि चाकासारखी उताराने घरंगळत पार नाल्यापर्यंत गेली. नव्या लेपर्डचंही फारसं बरं नव्हतं. भाची म्हणाली, "फायरबर्ड परत आणूया का?"

मीही क्षणभर डगमगलो. मग आम्ही झोन घेतली आणि तीच टीवरून फेकली. अडतीस मीटर, ठाम, वाऱ्यात न हलता. तिथून पुन्हा झोन, मग पट, पट. चार. त्या वाऱ्यात चार चांगले होते. जिथे तीन डिस्क चढाओढ करत होत्या तिथे एकीने काम भागलं, आणि झोनवरचा तिचा हात महिनाभरात असा बसला की ऑगस्टमध्ये ती डिस्क डोळे झाकून टाकत होती.

जुलैत मात्र मी आधी न धरलेली गोष्ट घडली. नाला वाहता झाला होता. जुनी लेपर्ड सातव्या होलला नाल्यात गेली. अर्धा तास काठीने चिखल ढवळला, वाडीवरच्या आजींचा नातू गुडघाभर पाण्यात उतरला, पण ती मिळाली नाही. भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती डिस्क बाजारात मिळत नाही. नवी लेपर्ड मिळते, दोन वर्षं झिजलेली मिळत नाही. आणि आपल्याकडे नवीसुद्धा चालत जाऊन दुकानातून आणता येत नाही. कुणीतरी परदेशातून यायची वाट बघा, नाहीतर मागवा आणि आठवडे मोजा.

यातून मी निवडीची एक अट वाढवली, आणि आमच्यासारख्या ठिकाणी खेळणाऱ्यांसाठी ती बाकी सगळ्यांइतकीच महत्त्वाची मानतो : जी डिस्क हरवली तर तशीच दुसरी आणता येणार नाही, तिच्या भरवशावर एखादा थ्रो ठेवू नका. झिजलेली हवी असेल तर तिच्या मागे एक झिजत असलेली आणि तिच्यामागे एक कोरी, अशी रांग तयार ठेवा. सतरा डिस्क असूनही आमच्याकडे त्या हरवलेल्या एकीच्या जागी ठेवायला काही नव्हतं. उरलेल्या पाच डिस्कवर तिने पावसाळा काढला. नवी लेपर्ड आता फार नवी राहिली नव्हती. बाभळींनी आपलं काम सुरू केलं होतं, आणि ऑगस्टअखेरीस चौथ्या होलला थोडं उजवीकडे धरून फेकली की ती वळणापर्यंत पोचू लागली होती. त्या महिन्यात तिच्या फेऱ्या ३५ आणि ३४ च्या झाल्या.

काढलेल्या अकरापैकी शार्क, रॉक, टीबर्ड आणि साइडवाइंडर आम्ही एका क्रेटमध्ये घालून वाडीवर ठेवल्यात. रविवारी कुणी नवीन आलं की त्यातल्या शार्कने सुरुवात करतं. आजींचा नातू साइडवाइंडर फार सुंदर फेकतो, आणि ती आता त्याचीच आहे.

सप्टेंबरात, गिरणारे रस्त्यावर टोमॅटोच्या क्रेटच्या गाड्या लागायला लागल्या त्या सुमाराला, चुलतभावाचा फोन आला. दिवाळीला येतोय, काय आणू. भाचीने फोन स्पीकरवर ठेवला होता.

"दोन लेपर्ड, एक एव्हिआर आणि एक झोन. लेपर्ड आणि एव्हिआर साध्या प्लास्टिकच्या. वजन १६५ ते १७० च्या मध्ये."

"अगं, त्याच त्याच कशाला? नवीन काहीतरी आणतो की."

"नको दादा. त्याच आण."

तो जरा थांबला, मग डिस्ट्रॉयरबद्दल विचारलं. तिने माझ्याकडची वही मागून घेतली आणि मार्चपासूनचे पहिल्या रविवारांचे आकडे त्याला वाचून दाखवले : पन्नास, पन्नास, त्रेपन्न, जूनला वाऱ्यामुळे फेकली नाही, चोपन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न. शेवटच्या महिन्यातल्या पाच फेकींतली एक सुरुवातीला किंचित उजवीकडे कलली होती, तेही तिने सांगितलं.